वीसला एक कमी

खानावळीच्या मागल्या खोलीत पेटी होती,
सफरचंदांचीच, वर चीर पाडलेली.
दारापाशी यादी घेऊन मी. अठराशे चार, नोव्हेंबर.
रॅरिटन नदीवर धुकं इतकं
की पलीकडचे मतदार आधी खोकताना ऐकू यायचे,
मग दिसायचे.

पन्नास पौंडांची मालमत्ता हवी. बाकी
न्यू जर्सीचा कायदा म्हणायचा, ‘तो किंवा ती’.
म्हणून मी लिहिलं: प्रिमस, काळा, नालबंद,
कुणाचाही नाही, स्वतःचा.
म्हणून लिहिलं: अख्सा व्हॅन डोरेन, विधवा.
दोन गाई, एक माग, नदीकाठची बाग,
आणि कोपरापर्यंत तपकिरी हात.
लोकर रंगवायची ती, अक्रोडाच्या हिरव्या सालीत.

रात्री मोजणी. प्रत्येक चिठ्ठीवर आठ नावं,
आपल्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडायला
जाणाऱ्या आठ जणांची.
तीच आठ. तीच आठ. पुन्हा तीच.
माझा आवाज झोपेला आला होता,
तेवढ्यात दाताखाली खडा यावा
तशी एक चिठ्ठी आली, दुसऱ्याच आठ नावांची.
तपकिरी शाईत.

‘कोण हा गाढव?’ निरीक्षक हसला. सगळे हसले.
मीही, जरा उशिरा.
चिठ्ठी घडी घालून दोऱ्यात ओवली.
गावात असली शाई एकाच चुलीवर उकळते
हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं,
कारण त्या घरी लाकडं फोडायला
माझ्याशिवाय कुणी जात नव्हतं.

नंतर पेपरात आलं: राज्यभरात एकीकडे तेरा हजार,
दुसरीकडे वीसला एक कमी.
तो आकडा मी हिवाळाभर
खिशातल्या नाण्यासारखा चाचपत हिंडलो.
उरलेले अठरा कोण, देव जाणे.

तिने तसं का केलं, विचारलं नाही.
दुसरं एक विचारायचं होतं, तेही नाही.
लग्न झालं की गाई माझ्या, माग माझा, बाग माझी,
आणि ती कायद्याला दिसेनाशी.
पुढल्या यादीतून नाव गाळायचं
तर लेखणी माझ्याच हातात.
तेव्हा मी लाकडं फोडायचो, ती सायडर द्यायची,
आणि आम्ही थंडी किती पडलीय ते बोलायचो.

मग तीन वर्षांनी ट्रेंटनला बसून त्यांनी
सगळं दुरुस्त केलं:
मत फक्त गोऱ्या पुरुषाचं.
त्या संध्याकाळी मी गेलो आणि विचारलं.
ती भांडं ढवळत होती. मान वर न करता म्हणाली,
‘आता होय, ईनॉस?
आता माझ्यापाशी सोडून द्यायला
काही राहिलंच नाही.’
हा होकार की नकार,
घरी पोचेपर्यंत कळलं नाही. पोचल्यावरही नाही.

अठराशे आठ. बंदरं ओस, जहाजं बांधून घातलेली,
कोठारात गव्हाला वास सुटलेला, लोक चिडलेले.
प्रिमस बाहेर मतदारांच्या घोड्यांचे
खूर तपासत होता.
ती पायरीपाशी पिंपाला टेकून सायडर विकत होती.
रात्री पेटी उघडली, तर आमच्या गावात
अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या
तिच्या बाजूच्या.

मी बाहेर येऊन सांगितलं.
‘किती?’ म्हणाली. आकडा सांगितला.
तिने थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं,
मग पिंपाचं बूच ठोकून घट्ट केलं.
‘धर हे दुसरीकडून,’ म्हणाली. ‘जड आहे.’

यादी त्या वर्षी मी तिच्याच शाईने लिहिली.
एकशे बारा नावं, सगळी बाप्यांची,
सगळी तपकिरी.
निरीक्षक म्हणाला, फिकी दिसते रे.
म्हटलं, वाळली की गडद होते.

होत नाही. मला माहीत होतं.